निकुरे मॅडम आणि मुख्य प्रवाह

जिल्हा नियोजन कार्यालयात कुणी प्रस्ताव घेऊन आलं, की निकुरे मॅडम तो आधी टेबलावर पालथा घालायच्या. "कागद मंग पाहू. कोणाच्या जिवाले काय होऊन राह्यलं, ते सांगा." समोरचा बावचळायचा, कारण प्रस्तावात सगळं असायचं, फक्त एवढंच नसायचं. तलावाच्या सुशोभीकरणाचा प्रस्ताव घेऊन आलेला एक कंत्राटदार मात्र खूप विचार करून म्हणाला, "माझ्याच जिवाला, मॅडम." त्यांनी त्याला चहा पाजला. "पह्यल्यांदा कोणी खरं बोललं," म्हणाल्या. प्रस्ताव अर्थातच परत गेला.

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर सांख्यिकी सहायक. मॅडम आमच्याच जिल्ह्यातल्या, मूल तालुक्याच्या. तोंडात चोवीस तास इकडची झाडीबोली आणि लेखणीत 'उपरोक्त संदर्भीय विषयान्वये'. दोन्ही भाषा एकाच बाईच्या आहेत यावर नवीन साहेबांचा विश्वास बसत नसे. त्यांना विचारलं तर म्हणायच्या, "कागदाले कागदाची भाषा, मानसाले मानसाची. उलटं केलं तं दोघंबी आयकत नाई."

अशा कार्यालयात एक दिवस परदेशी मदतीचा प्रकल्प येऊन पडला. विषय होता, 'रसायनांचे सुरक्षित व्यवस्थापन विकास नियोजनाच्या मुख्य प्रवाहात आणणे'. आपला जिल्हा त्यासाठी पथदर्शी ठरला होता. जिल्ह्यात कोळसा, सिमेंट, कापसावरची फवारणी, असं सगळंच असल्यामुळे आम्ही आधीपासूनच पुरेसे पथदर्शी होतो. प्रकल्पाचे समन्वयक दिल्लीहून आले. मराठी बरं बोलायचे. पुण्यात शिकले होते. कार्यशाळा झाली, टोप्या वाटल्या, पिशव्या वाटल्या. मग वरून आदेश आला की प्रत्येक योजनेत रसायन सुरक्षेचा समावेश दिसला पाहिजे. मॅडमनी एक झकास परिच्छेद लिहिला आणि तो मी रस्त्यांत, स्मशानशेडात, क्रीडासंकुलात आणि भजनी मंडळाच्या साहित्यातसुद्धा चिकटवला. दिल्लीहून अभिनंदन आलं. मृदंगापर्यंत रसायन सुरक्षा पोचवणारा जिल्हा दुसरा नव्हता.

याच गडबडीत गोंडपिपरीकडच्या एका गावातून अंगणवाडी सेविका आली. कविता मडावी तिचं नाव. तिच्या हातात प्रस्ताव नव्हता, त्यामुळे पालथं घालायला काही नव्हतं. ती उभ्याउभ्याच म्हणाली, "मॅडम, आमच्या भिंतीले घाम येऊन राह्यला."

अंगणवाडीला लागून एक जुनं गोदाम होतं. मधली भिंत एकच. गोदामात डासांवर फवारायच्या पावडरीची पोती आणि पिकांवरच्या औषधांचे डबे, कुठल्याशा संपलेल्या योजनेतले, सडत पडले होते. पावसाळ्यात ते पाझरायचं, भिंतीवर पांढरं फुटायचं आणि वासाने डोळे चुरचुरायचे.

"तं पोट्ट्यांले दूर बसवा ना," मॅडम म्हणाल्या.

"बसवते. पन ते खरडून खातेत, मॅडम. भिंत."

मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला.

त्यांनी लगेच फोन लावायला घेतले. आरोग्यवाले म्हणाले, डबे शेतीचे. शेतीवाले म्हणाले, पोती हिवतापाची. हिवतापवाले म्हणाले, आमच्याकडे शिल्लक शून्य आहे, तेव्हा ती पोती नाहीतच. शेवटी मॅडम समन्वयकांकडे गेल्या. रसायनांचाच प्रकल्प, हाताशी गाडी, परदेशी पैसा. समन्वयकांना मनापासून वाईट वाटलं. "पण मॅडम, आपला प्रकल्प क्षमताबांधणीचा आहे, डबे उचलण्याचा नाही." मात्र त्या गावात जनजागृती घेऊ, असं त्यांनी आनंदानं कबूल केलं.

जनजागृती ग्रामसभेत झाली; मॅडम आणि मीही गेलो होतो. समन्वयकांनी फलक लावला आणि सांगितलं, "ग्रामस्थहो, आपल्या गावातली रसायनं आपल्याला मुख्य प्रवाहात आणायची आहेत."

मग बोरकुटे नावाचे एक म्हातारे उठले. "मुख्य प्रवाह म्हंजे आमचा नालाच ना, साहेब? त्याच्यात काऊन सोडता? ढोरं पितेत तिथी."

"तसं नाही, आजोबा," समन्वयक म्हणाले. "मुख्य प्रवाह म्हणजे..."

"आमाले ठावूक हाय," मागून एकजण म्हणाला. "जंगलातून बंदुका टाकून येतेत, ते मुख्य प्रवाहात येतेत. पेपरात फोटो येते. या डब्ब्यांनी शरणागती घेतली काय?"

हशा पिकला, पण बोरकुटे हसले नाहीत. त्यांनी ठराव मांडला की आमच्या गावचं एकही रसायन मुख्य प्रवाहात आणू नये. सर्व हात वर. समन्वयक घाईघाईनं अर्थ समजावायला निघाले, तर मॅडमनी त्यांची बाही धरली. "राहू द्या, साहेब. पह्यल्यांदा तुमचा प्रकल्प कोणाले समजला."

तो ठराव मॅडमनी आपल्या उत्तमोत्तम कार्यालयीन मराठीत वर पाठवला. प्रकल्पाच्या मूळ उद्देशालाच ग्रामसभेचा विरोध! दिल्लीत धावपळ झाली, बाहेरदेशी फोन गेले आणि इतके महिने न हललेले डबे निदान आदेशात तरी हलले. 'सदर साठा तात्पुरता सुरक्षित स्थळी हलवावा.' सुरक्षित स्थळ म्हणून पलीकडच्या गावातली बंद पडलेली शाळा सुचवली होती.

मॅडमनी आदेश वाचला. "बंद शाळेत पोट्टे खेळाले जात नाईत, असं कोनी सांगितलं यायले?" एवढंच म्हणून त्या कामाला लागल्या. सिमेंट कारखान्यातून माणसं, मास्क, हातमोजे मागून आणले. डबे आणि पोती मोठ्या पिंपांत घालून झाकणं आवळली. ट्रक भरला आणि थेट आमच्या कार्यालयाच्या आवारात, सभागृहाच्या खिडकीखाली आणून उभा केला. दुसऱ्या दिवशी त्याच सभागृहात प्रकल्पाची आढावा बैठक होती. झाकणं घट्ट होती, तरी वास तो वासच. बैठकीत क्षमताबांधणीवर बोलता बोलता एकेकाचे रुमाल नाकाला लागले.

मोठ्या साहेबांनी मॅडमना बोलावलं. आवाज बाहेरपर्यंत येत होता. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आदेशात सुरक्षित स्थळी लिवलं होतं, साहेब. याच्याहून सुरक्षित जागा जिल्ह्यात मले दिसली नाई. इथी चौकीदार हाय, आग इझवाची सोय हाय, अन् लहान पोट्टं एक बी नाई."

पुढं काय झालं ते नियोजनाच्या अभ्यासकांनी लिहून ठेवावं. ज्या डब्यांसाठी कुठल्याही खात्यात तरतूद नव्हती, त्यांच्यासाठी संध्याकाळच्या आत निघाली. ट्रक नागपूरकडे, असला माल जाळायच्या भट्टीकडे रवाना झाला. जाण्यापूर्वी त्याच्यासमोर सर्वांचा फोटो निघाला. प्रकल्पाच्या अहवालात ती यशोगाथा म्हणून छापली गेली. फोटोत निकुरे मॅडम नाहीत. त्या शिस्तभंगाच्या नोटिशीचं उत्तर लिहीत आत बसल्या होत्या.

मॅडमची बदली शेजारच्या जिल्ह्याच्या पार टोकाला, सिरोंच्याला झाली. त्या निघाल्या त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. त्यांच्याशिवाय ते कार्यालय म्हणजे नुसते कागदच, आणि तेही सुलटे. सिरोंच्याची गाडी गोंडपिपरीहून जायची, म्हणून मी माझ्या मोटारसायकलवर त्यांना तिथल्या स्टँडवर सोडायला गेलो. वाटेत म्हणाल्या, "जरा गावाकडून घ्या, भाऊ."

गोदाम पाडलेलं होतं. अंगणवाडीला नवी भिंत, तिच्यावर पोपट आणि बाराखडी. मॅडम खूश झाल्या, आणि तेवढ्यात थांबल्या. कोपऱ्यात एक मुलगी दुसऱ्या बाजूची जुनी भिंत नखानं खरडत होती. बोट तोंडात घालत होती.

"कविता, हे आता बी खातेत?"

"खातेत ना, मॅडम. जहर गेलं. भूक कुठी गेली? पोट्ट्यांच्या खाऊचे सरकारी गूळ-शेंगदाने पोळ्यापासून आले नाई."

मॅडम नव्या पोपटाकडे पाठ करून अंगणात बसल्या आणि फोन काढला. पुरवठ्याच्या कार्यालयाला, मग त्याच्या वरच्याला, मग त्याच्याही वरच्याला. आवाज असा की पलीकडचा माणूस उठून उभा राहत असावा. ही बाई कालच कार्यमुक्त झाली आहे आणि तिला आता या जिल्ह्यात चपराशालाही हुकूम सोडता येत नाही, हे पलीकडे कुणाला माहीत नव्हतं. मी आणि कवितानं ते सांगितलं नाही. सिरोंच्याची गाडी निघून गेली.

गूळ आणि शेंगदाणे त्याच आठवड्यात आले. मॅडम सिरोंच्याला एक दिवस उशिरा रुजू झाल्या आणि रुजू होताच त्यांना उशिराचा खुलासा मागण्यात आला. उपरोक्त नाही, संदर्भीय नाही, आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कार्यालयीन कागदावर आपल्या भाषेत एक ओळ लिहिली: "रस्त्यात पोट्टे भिंत खाऊन राह्यले होते, म्हनून थांबली."