मामाला पटलेला एकच रिपोर्ट

पोशीरहून मामीचा फोन आला, "मामा गेले रं..." आणि माझ्या तोंडून आधी निघालं, "नक्की ना?" मामीने शिवी घातली नाही, हे तिचे उपकार. पण आमच्या घरात बातमीवर विश्वास ठेवायची रीतच नाही. आजोबांना पोटाचा कॅन्सर होता, तर शेवटपर्यंत "पित्त हाय" म्हणून सांगितलं, आणि सांगण्यात मामाच पुढे. त्यामुळे बातमी जितकी गोड तितकं दुखणं वाईट, हे त्याला पाठ.

पुढे मामाचीच एक किडनी कॅन्सरच्या गाठीसकट काढावी लागली. गाठीचा तुकडा जनुकांच्या तपासणीला गेला. आजार पुढे किती उसळेल याचा त्यावरून अंदाज येतो. निकाल चांगला आला, धोक्याच्या खुणा नव्हत्या, फक्त अधूनमधून तपासायला जायचं होतं. ही बातमी सांगायला घरच्यांनी पाठवलं कोणाला, तर मला! धामणीचा अजगर करून सांगणारा भिसेगावचा भाचा. मी सांगितलं, मामा माझं तोंड न्याहाळत राहिला.

"किती दिस हायेत?"

"मामा, रिपोर्ट चांगला आहे!"

"माज्या बापाला मीबी असाच हसून सांगायचो."

मग शंकांना ऊत. तुकडा माझाच कशावरून? बरा हाय तर परत का बोलावतात? ही ताटात मटण जास्त का वाढते? खरं बोलायला लागलो की माझा आवाज खोटा येतो, हे मला तेव्हा कळलं. "मरायचंच हाय, तर सुया कशाला?" म्हणत त्याने तपासण्या बुडवल्या.

खोकला हटेना, तेव्हा बळेच नेला. फुप्फुसात डाग होते. डॉक्टरांनी जुना तुकडा पुन्हा बघायला लावला, या वेळी गाठीभोवतालच्या पेशींची वस्ती, आणि मामालाच समोर बसवून सांगितलं. जनुकं म्हणजे अर्धीच गोष्ट. गाठीभोवती रोगाशी लढणाऱ्या पेशींची गर्दी आहे. पण त्या दमल्यात, गाठीला हात लावत नाहीत. या कॅन्सरात अशी गर्दी बहुधा चांगली नसते.

मामाचा चेहरा उजळला! "म्हंजे शेतावर राखणदार धा, आन् डुकरं खुशाल चरतायत. सामील हायेत साले!"

"त्यांनाच जागं करायचं औषध देऊन बघू," डॉक्टर म्हणाले.

परतीच्या वाटेवर नेरळपर्यंत मामा निवांत होता. वाईट ऐकलं आणि पटकन पटलं. घरी मात्र उंबऱ्यातच मामीला हसून म्हणाला, "गाठीभवती राखणदार उभे हायेत, लय. काय भ्या नाय." मीही मान डोलावली.

औषधाने थोडे महिने दिले...

परवा पोशीरला गेलो. पडवीत त्याची खाट अजून वाटेकडे तोंड करून आहे. येणारा लांबूनच निरखता यावा, म्हणून त्याने ती तशी लावलेली. मामी ती कोणाला हलवू देत नाही. मी खाटेच्या कडेला टेकलो आणि त्या दिवशीचं खरं काय ते सांगायला तोंड उघडलं.

"ऱ्हाऊ दे," मामी म्हणाली. "तवाच कळलं व्हतं मला."

"मग बोलली का नाहीस गं?"

"जलमभर कुणावर इश्वास नाय ठेवला त्यांनी. आपल्यावर कुणी ठेवला, तर कसं वाटतं... बघू दे म्हटलं एकदा."