फोटोतले हात

कॅलिपरवाल्या काकांचं नाक कायम मुरडलेलं. ओल्या चामड्याचा वास, चहाचे बुळबुळीत कप, पाहणीला येणारी सुटाबुटातली मंडळी, सगळ्याचीच शिसारी. इस्पितळाच्या तळघरात तीस वर्षं ते पायांना कॅलिपर बनवत होते: दोन बाजूंना सळ्या, मांडीला चामडी पट्टा, गुडघ्याला खटका, खाली बूट. कामात मात्र माणूस भलताच चोखंदळ. कण्याला मार बसलेल्यांना पायातलं काही कळत नाही, म्हणून त्यांचा नियम ठरलेला. पहिल्या दिवशी कॅलिपर तासभर घालायचा, मग उतरवून कातडी बघायची. "लागतंय का?" असं पेशंटला विचारणाऱ्या एका डॉक्टरला त्यांनी खोलीबाहेर काढलं होतं.

शिंपीणबाई जिन्यावरून पडल्या, कण्याला मार बसला, त्याला दीड वर्ष झालं होतं. त्यांना फक्त कापड बेतायच्या टेबलाशी उभं राहायचं होतं.

"बसून बेतलं की कात्री वाकडी जाते हो काका," त्या म्हणायच्या.

त्यांचे कॅलिपर तयार झाले नेमके नव्या इमारतीच्या उद्‌घाटनाच्या सकाळी. इस्पितळाच्या मोठ्या साहेबांना आयतंच घबाड सापडलं. बाई व्यासपीठावर दहा पावलं चालणार!

"तासाभरानं काढून बघायला लागतात," काका म्हणाले.

"अहो, कार्यक्रम उरकला की बघा की! पळून चाललेत का पाय?"

साहेब स्वतःच्याच विनोदावर हसले. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तरी त्यांनी बाईंच्या पायांत कॅलिपर चढवून खटके लावले.

भाषणं तीन तास चालली. जो तो माइकला चिकटला की सुटेना. शेवटी शिंपीणबाई उभ्या राहिल्या. कुबड्या टेकत, घामानं निथळत दहा पावलं चालल्या. चेहरा असा फुललेला की बघत राहावं.

"लागत नाही ना कुठं?" साहेबांनी माइकवरून विचारलं.

"अजिबात नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

तळघरात काकांनी बाईंचा बूट उतरवला. मोजा घोट्याला चिकटला होता. पाणी लावून सोडवला, तर खाली कातडी नव्हतीच. सळीचा सांधा जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढा आत आला होता. कानस दोनदा फिरवली असती तर भागलं असतं.

बाईंनी वाकून बघितलं.

"किती दिवस?"

"तीन महिने. जास्तही लागतील. तोवर कॅलिपर घालायचे नाहीत."

"तुम्हाला तर माहीत होतं ना, काका?"



आठवड्यानं साहेबांनी तळघरासाठी चौकटीतला फोटो पाठवला. काकांनी तोंड वाकडं करत वर गुंडाळलेला कागद फाडला. साहेबांना चार शेलक्या शिव्या हासडायची तयारी होती. फोटोत मधोमध शिंपीणबाई, हसणाऱ्या. बाजूला साहेब, पोट आत ओढून. आणि मागच्या रांगेत काका. टाळ्या वाजवत होते.