शेवट सांगणाऱ्या मामी

टेलरमामांकडे जुन्या भयपटांच्या कपाटभर कॅसेटी होत्या. "कापडाचे तागे गेले माळ्यावर, भुतं आली कपाटात," असं मामी म्हणायच्या. पण पडद्यावर दार करकरलं, की मामा उशीत तोंड खुपसत. शेवट मग मामी सांगत, आणि तोच गिऱ्हाइकांपुढे रंगवून मामा जाणकार म्हणून मिरवत.

एकदा असाच एक शेवट ऐकून एक गिऱ्हाईक म्हणालं, "मामा, त्यातलं भूत माफीबिफी मागत नाही हो, सगळ्यांना खातं!"

मामा तडक घरी आले. "अगं, तू शेवट बघतेस ना?"

"मी कुठली बघते? भीतीनं डोळे मिटलेले असतात माझे. तुम्हाला झोप लागावी म्हणून काहीतरी गोड सांगते."

मामांना राग यायला हवा होता, पण आलं हसू. नवी कॅसेट लावून दोघंही डोळे घट्ट मिटून बसली. या खेपेचा शेवट मामांनी रचायचा ठरला.