वायरीला टिचकी

मशीनची वायर कम्प्युटरला जोडली, की सिस्टर तिला बोटाने टिचकी मारायच्या. तुम्ही कधी दवाखान्यात कुणाच्या उशाशी बसला असाल, तर ही टिचकी पाहिली असणार. सलाईनच्या नळीत बुडबुडा अडकला की नर्स मारते ती. इथे ना नळी ना बुडबुडा, पण जन्मभराची सवय बोटांतून थोडीच जाते!

माझं अंबाजोगाईत झेरॉक्स आणि कम्प्युटरचं दुकान आहे. लोक जुन्या कॅसेटी आणतात, मी त्या पेनड्राइव्हमध्ये भरून देतो. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. अर्ध्या गावाला जन्मताच पाठीत चापटी मारून त्यांनीच रडवलेलं. मलाही. आणि हे त्या भर दुकानात, गिऱ्हाईक उभं असताना सांगायच्या, "ह्यो लई उशिरा रडला. तवापासून सगळंच उशिरा करतो." आता यावर माणसाने काय बोलायचं, तुम्हीच सांगा.

पहिल्यांदा आल्या तेव्हा हातात सिरिंजा उकळायचा स्टीलचा डबा होता. उघडला तर आत प्लॅस्टिकच्या घरात बसवलेल्या छोट्या चपट्या डिस्क. मिनीडिस्क. ही वस्तू बाजारात आली कधी आणि गेली कधी, आपल्याकडे कुणाला पत्ताही लागला नाही. त्यांच्या लेकाने परदेशातून आईसाठी हे रेकॉर्डिंगचं मशीन आणलं होतं. आईने त्यात वर्षानुवर्षं वस्तीतल्या बायकांची जयंतीची गाणी भरली. प्रत्येक डिस्कवर जखमेला लावायची पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर पेनाने नाव.

या डिस्कची एक खोड आहे. गाणं जेवढा वेळ चालतं, तेवढाच वेळ ते कम्प्युटरात उतरायला लागतो.

"सिस्टर, ठेवून जा. झालं की फोन करतो," मी म्हणालो.

"कावून? पेशंट टाकून नर्स जाती का घरी?"

"अहो, एकेका डिस्कला तास जाईल."

"जाऊ दे की. सलाईन हाय ती. पळवली की पेशंट फुगतो."

झालं! रोज दुपारी सिस्टर खुर्ची ओढून हजर. झेरॉक्सला आलेल्या कॉलेजच्या मुली हसल्या की त्यांना डोळे वटारायच्या. एकदा माझं डोकं फिरलं. "सिस्टर, हे दुकान आहे का वॉर्ड?" त्या शांतपणे म्हणाल्या, "आवाज खाली. पेशंटला आराम पायजे." मी कपाळाला हात लावला. पण खरं सांगतो, त्या दुपारी मला आवडायला लागल्या होत्या. त्यांनी आणलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांमुळे जरा जास्तच.

गाणी बहुतेक आक्कांची. आक्का म्हणजे सिस्टरच्या थोरल्या जाऊ. जन्म दुसऱ्यांच्या रानात खुरपण्यात गेला, लिहिणं-वाचणं नाही, पण गाणं जागच्या जागी जुळवायच्या. धाकट्या जावेला नर्सिंगला घालाच म्हणून सासऱ्याशी भांडल्या त्याही आक्काच. गेल्या साली त्यांना लकव्याचा झटका आला आणि वाचा गेली. सगळ्याला एकच उत्तर, "हं."

सगळ्या डिस्क उतरल्यावर डब्याच्या तळाशी एक उरली. तिच्या चिकटपट्टीवर लिहिलं होतं, 'मयत'.

"ही कधीच गेली," सिस्टर म्हणाल्या. "मशीन म्हणतंय रिकामी हाय. पण टाकवत न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. एका जयंतीला विहारात आक्का पाळणा गात होत्या आणि लाइट गेली. सिस्टर मेणबत्ती हुडकायला धावल्या. आक्का अंधारातच गात राहिल्या, आणि शेवटचं कडवं त्यांनी केलं ते सिस्टरवर. बाकी बायकांनी ते ऐकलं, पण कुणाला धड आठवेना. एकट्या सिस्टरच आत कपाटात डोकं घालून बसलेल्या!

"नंतर विचारलं नाही आक्कांना?"

"दर साली विचारलं. त्या म्हणायच्या, जावंचं कौतुक जावंच्या तोंडावर करीत असत्यात व्हय? अंधार होता म्हणून म्हणलं." सिस्टर चिकटपट्टीवरून अंगठा फिरवत राहिल्या. "मशीनमध्ये सेल होते रे. लाइट गेली तरी चाललं असंल, असं वाटतं. आता आक्कांची वाचा गेली. ह्यात नसंल, तर मग कुठंच न्हाई."

मला राहवेना. इंटरनेट धुंडाळलं तर कळलं, की मशीन गाणं आधी लिहितं आणि ते कुठे आहे याची नोंद थांबताना, सगळ्यात शेवटी. मध्येच दम तुटला तर नोंद करायची राहून जाते. गाणं असतं, मशीनला ते दिसत नाही. त्यावर कुणीतरी युक्ती दिली होती. दुसऱ्या भरलेल्या डिस्कची नोंद मशीनला वाचू द्यायची आणि त्याच्या नकळत डिस्क बदलायची, म्हणजे त्याच नोंदीच्या भरवशावर ते हीही वाजवतं. झाकणाजवळचं बारीक बटण मात्र बदलताना दाबून धरायचं, नाहीतर मशीन जागं होतं.

"म्हणजे मयत नाही, नुसती बेशुद्ध आहे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सिस्टर रिक्षातून उतरल्या त्या एका हाताने आक्कांना धरून आणि दुसऱ्या हातात ऑपरेशनचा चिमटा घेऊन.

आक्कांना पंख्याखाली बसवलं. सिस्टरने चिमट्याने बटण दाबून धरलं. मी डिस्क बदलली. वायरीला टिचकी बसली.

आणि आक्का गायला लागल्या! भरदार, मोकळा आवाज. खुर्चीतल्या आक्कांनी डोळे मिटून घेतले. सिस्टरने 'मयत' लिहिलेली चिकटपट्टी खरवडून काढली आणि चुरगळून टाकली. एकामागून एक कडवी झाली. मग एकदम बायकांचा गलका, "गेली गं बाई लाइट!" पाठोपाठ दुरून सिस्टरचाच आवाज, "काडेपेटी कुणी ठिवली गं?" आम्ही सगळेच हसलो. अंधारातलं गाणं चालू राहिलं. एक कडवं. आणखी एक. आक्कांनी पुढच्या कडव्यासाठी दम घेतला...

आणि बंद. सेल संपले होते.

मी पुढे-मागे करून पाहिलं. काहीच नव्हतं. मला वाटलं, आता सिस्टर रडतील. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "जाऊ दे लेकरा. लई केलंस तू," आणि वायर काढायला वाकल्या.

तेवढ्यात मागून सूर आला. बारीक, घासलेला, पण सूर. आक्कांचे डोळे मिटलेलेच होते. गाण्याचा धागा जिथे तुटला, तिथूनच त्यांनी तो उचलला होता. साधं 'पाणी' म्हणता न येणारी बाई शब्दांसकट गात होती:

*पांढऱ्या साडीची धाकली माझी जाऊ,*
*लेकरं झेलिती, तिला दृष्ट नका लावू. जो जो रे जो.*

मी रेकॉर्डिंगसाठी मोबाइल शोधायला लागलो. सिस्टरने न बघताच माझं मनगट धरलं आणि मला खाली बसवलं.

सिस्टर हल्ली लेकाकडे पुण्याला असतात. आक्कांनाही घेऊन गेल्यात. तिथे म्हणे गाण्यातून बोलायला शिकवणाऱ्या एक बाई आहेत. दुकान अगदी शांत झालंय, आणि त्या शांततेत मला करमत नाही.

त्या दुपारी गाणं संपल्यावर सिस्टर उठल्या, खुर्ची ओढून आक्कांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. पदराने डोळे पुसले. मग आक्कांचा हात मांडीवर घेतला, त्या पालथ्या हातावर हलकी टिचकी मारली आणि म्हणाल्या, "आक्का, परत म्हणा. सावकाश. सलाईन हाय ती."