रजियाचा पाय

जीभ चालते का हे बघायला माणसाचा पाय बांधून ठेवतात, असं तुम्ही कुठं ऐकलंय का? नसेल, तर कोल्हारच्या रजियाची परीक्षा ऐका.

बहात्तरच्या दुष्काळात फ्रान्सहून आलेल्या नर्सबायांनी प्रवरेकाठी दवाखाना मांडला. त्यांना दुभाषी बाई हवी होती, पण पुण्यात फ्रेंचची तोंडी परीक्षा पास झालेलीच. रजिया त्यांचे झगे शिवायची. भाषाही त्यांच्याकडूनच उचललेली. बाप नबीलाल म्हणाला, “पास झालीस तर दवाखाना. न्हाई तर हेच मशीन, आन् नाकातलं ते बोलणं बंद!”

लांबलचक क्रियापदांनी तिचा जीव खाल्ला. ‘नू नू सर्यों रपोझे’, म्हणजे आम्ही बायांनी विसावा घेतला असता. कधी घेतला, ते विचारू नका! अर्थासाठी तोडायचं तर ‘सर’ आणि ‘यों’ वेगळे. ‘सर’मध्ये असणं, ‘यों’मध्ये आम्ही. बोलताना मात्र तो ‘र’ उडी मारून पुढच्या तुकड्यात जाऊन बसतो: स-र्यों.

“मेला एका जागी ठरत न्हाई!” रजिया करवादायची.

शेवटी तिनं शिवणातलीच रीत लावली. खडूची खूण अर्थाची, टाका उच्चाराचा. मशीनच्या पायपट्टीचा एक दाब, एक तुकडा. नू, नू, स, र्यों, र, पो, झे. मशीन चाललं की फ्रेंच धो धो.

पुण्यात मशीन कुठलं? परीक्षकानं असंच एक लांब रूप विचारलं आणि तिची जीभ टाळूला चिकटली. तिनं चप्पल काढली, फरशीवर पाय दाबायला लागली. शब्द सुटले!

“पाय थांबवा.”

“थांबवला तर बोलणं थांबतं, साहेब.”

“परीक्षा आहे ही, तमाशा नाही.”

पाय थांबला. जीभही थांबली. नापास! उत्तर चुकलं असतं तर तिनं मान खाली घातली असती. पण इथं अडला तो पाय.

घरी नबीलाल भडकला, पण लेकीवर नाही. “माज्या पोरीचा पाय काय त्याच्या टकुऱ्यावर पडत हुता?”

दिवाळीनंतर फेरपरीक्षा आहे. नर्सबायांनी तोवर जागा राखलीय. नबीलालनं घरचं मशीन एस.टी.च्या टपावर चढवून पाहिलं. कंडक्टरनं शिव्या घालून उतरवलं.

तेव्हा पुणेकरहो, तुमच्या घरी पायमशीन असेल तर सुई काढून ठेवा, दोरा नको, कापड नको, आणि त्या सकाळी ते परीक्षेच्या खोलीत रजियाच्या पायाखाली आणून ठेवा.