चार नंबरचं सॉकेट

बमरोलीच्या ज्या डाइंग मिलमध्ये मी वर ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळते, तिथेच माझे वडील खाली मशीनवर आहेत. मागे त्यांच्या मशीनवर रंगवायच्या कापडाचा एक लॉट बिघडला. वाफ बंद करायचा हुकूम कॉम्प्युटरनं वेळेवर सोडला होता, पण तो मशीनपर्यंत पोचलाच नव्हता. शेठला हे कोण समजावणार? ‘अब एक और लॉट बिगडा तो घर बैठना,’ असं त्यांनी वडिलांना सगळ्यांदेखत सुनावलं. त्या दिवशी वडील जेवले नाहीत. मी मात्र हट्टाला पेटले.

रोग सापडला. कापड तापत असताना कॉम्प्युटर आणि मशीन यांचं बराच वेळ काही बोलणं नसतं. तेवढ्यात मधला राऊटर त्यांची जोडणी विसरून जातो. प्रोग्रामला याचा पत्ताच नसतो. तो मेलेल्या सॉकेटमध्ये, म्हणजे जोडणीच्या आपल्याकडच्या टोकात, हुकूम टाकतो आणि पोच येईल म्हणून वाट बघत बसतो. प्रोग्राम दुरुस्त करावा, तर तो बनवणाऱ्यांनी केव्हाच गाशा गुंडाळलेला. बंद करून चालू करावा, तर चालू लॉटचा सगळा हिशेब त्याच्या पोटात. उरला कर्नल, म्हणजे ज्याच्या हातून प्रत्येक हुकूम बाहेर जातो तो कॉम्प्युटरचा गाभा. तिथे आपला छोटा प्रोग्राम, हुक, अडकवायचा आणि चालू सॉकेटला परस्पर शिकवायचं, की काही सेकंदांत पोच आली नाही तर जोडणी मेली समज. मग जुना प्रोग्राम स्वतःच नवी जोडणी करून हुकूम पुन्हा देईल. निदान मला तरी तसं वाटत होतं.

मॅनेजरनं एकाच मशीनवर करून बघायची परवानगी दिली. मी चार नंबर निवडलं, वडिलांचं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू?

दुपारी हुक लावला. चार नंबरची मेलेली जोडणी तुटली, लगेच नवी झाली, हुकूम पोचला. मी खुशीत उठले आणि काचेतून खाली बघितलं. चार नंबरपाशी आमच्या गावचे काका उभे होते.

आम्हा खानदेशी लोकांची ही जुनी खोड. रजिस्टरवर एक मशीन, माणूस दुसऱ्यावर. कुणाचा गुडघा दुखला, कुणाला सोसवेना, की आपसात बदली, वर कुणाला सांगायचं नाही. काका तापातून उठले होते आणि चार नंबर पंख्याजवळ आहे. वडील सातवर होते.

मी धावत खुर्चीपाशी आले. सातचा हुकूम निघाला होता, पोच नव्हती. कर्नल तोच हुकूम पुन्हा पुन्हा पाठवत होता आणि खाली वाफ चालूच होती. हुकमध्ये चारचा पोर्ट, म्हणजे त्या जोडणीचा नंबर, खोडून सातचा घातला. कर्नलनं तो नाकारला. आत येणारा प्रत्येक हुक तो आधी तपासून घेतो, आणि घाईघाईत मी एक गरजेची ओळच उडवली होती. मला मॅनेजरचा राग आला, काकांचा आला, वडिलांचा तर फारच आला. ओळ परत घातली. या वेळी कर्नलनं हुक घेतला. सातची जोडणी तुटली. नवी होईना. मग झाली, हुकूम गेला, पोच आली.

लॉट किंचित गडद निघाला, पण पास झाला. वडिलांना काही कळलंसुद्धा नाही.

डिंडोलीला घरी परतताना रिक्षात मी भडकलेच. “न सांगता मशीन कसाले बदलतस तुम्ही? मी तुमनासाठे चार नंबर धरेल व्हतं!”

मी सगळं सांगितलं. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “अन सातवर तुन्हा काका ऱ्हाता तं?”

सातवर काका असते, तर चारवर वडील दिसले असते, आणि सातची वाफ चालूच असताना मी खुशीत चहाला गेले असते.