तिसऱ्या गिअरमध्ये कसारा

आमच्या गाडीसारख्या गाड्या त्या काळी मुंबईत काळ्या-पिवळ्या रंगात हजारांनी धावत होत्या, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं, की मी काहीतरी परदेशी बाळगून होतो. दिसायला ती टॅक्सीच होती, फक्त रंगाने निळी. पण माजिवड्याच्या नाक्यावरून हायवेला लागलो आणि शेजारी एखादी नवीकोरी गाडी आली, की मी मुद्दाम तिच्या बरोबरीने जायचो, चालकाकडे बघून हसायचो आणि मग पाय दाबायचो. आरशात त्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. हा पोरकटपणा होता, आणि तो मी चाळिशीपर्यंत केला.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी टूलरूममध्ये होतो. बाकीची खाती माल काढायची, आम्ही तो माल ज्यातून निघतो ते साचे बनवायचो. त्यामुळे टूलरूमवाल्यांच्या नाकावर माशी बसत नसे. आमच्याकडे माणसाची लायकी थाऊमध्ये मोजली जायची. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग; चूक जितक्या कमी थाऊची, तितका कारागीर मोठा. अमक्याचा हात दोन थाऊचा, तमक्याचा पाचाचा. माझा अर्ध्या थाऊचा होता. हे मी सांगत नाही, लोक सांगायचे. मी नुसता नाही म्हणत नसे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी ही गाडी झाडावर आपटलेल्या अवस्थेत घेतली. दोन वर्षं रविवार म्हणून पाळला नाही. सिलिंडर मोठे केले, पिस्टन नवे घातले, इंजिनाचं हेड घासून त्यातले हवेचे मार्ग हाताने आरशासारखे केले, एकाच्या जागी दोन कार्ब्युरेटर बसवले आणि ते बसवण्यासाठी लागणारा नळकांड्यांचा जोड स्वतः तयार केला. कंपनीने तिला चारचौघींसारखी काढली होती. वेग तिला मी दिला.

डोंबिवलीत आमच्या गल्लीत या वेगाचं काय करणार, हा प्रश्न बायकोने पहिल्याच दिवशी विचारला. ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे तिचे प्रश्न नेमके असायचे. गल्लीत गाडी पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाईपर्यंत नाका यायचा. सोसायटीतले लोक सकाळी माझ्या इंजिनाच्या आवाजावर घड्याळं लावायचे आणि दहावीच्या परीक्षा आल्या की सेक्रेटरी मला गाडी गेटापर्यंत ढकलत न्यायची विनंती करायचे. मी ढकलायचो. ढकलतानासुद्धा ऐटीतच ढकलायचो.

तिची खरी जागा कसारा घाट. दरवर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि मुलगी, कल्याणवरून दुर्गाडीचा पूल ओलांडून, पडघा, शहापूर करत कसाऱ्याला जायचो. घाटाच्या पायथ्याला मी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकायचो आणि घाट संपेपर्यंत दांड्याला हात लावायचा नाही. इतर गाड्या दुसऱ्यावर, ट्रक पहिल्यावर कण्हत चढायचे. माझी तिसऱ्यात जायची. वर इगतपुरीला भजी खाताना मी शेजारच्या टेबलावर ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणायचो, की तिसरा पडला नाही. कारखान्यात सोमवारी पहिला प्रश्न तोच असायचा. तेरा वर्षं माझं उत्तर बदललं नाही.

नव्वदच्या दशकातली निम्मी वर्षं सरली तेव्हा गाडी तेल पिऊ लागली होती. सकाळी सुरू केली की मागे निळसर धूर यायचा आणि तळमजल्यावरच्या काकू खिडकी लावून घ्यायच्या. बायकोने मला न विचारता एका छोट्या नव्या गाडीसाठी नाव नोंदवून ठेवलं होतं. डोंबिवलीत तेव्हा दर दुसऱ्या घरी तीच गाडी येत होती, पांढरी, लहानशी, आवाज न करणारी. पत्र आलं, की तुमचा नंबर लागला आहे, पंधरा दिवसांत कळवा. सोसायटीत जागा एकाच गाडीची. म्हणजे एक येणार तर एक जाणार.

मी चिडलो. गाडी म्हातारी झालेली नाही, तिला थोडी डागडुजी हवी, असं म्हणालो. बायको शांतपणे म्हणाली, की तेरा वर्षांत तुम्ही कुणालाही तिच्या स्टिअरिंगला हात लावू दिला नाही, मग ती म्हातारी आहे की नाही हे तुमच्याशिवाय कोण सांगणार? मी म्हणालो, मीच सांगतो ना. आणि तिथे मी अडकलो.

कारण टूलरूमचा एक नियम होता. आपण बनवलेला जॉब आपण पास करायचा नाही. कितीही मोठा कारागीर असो, त्याचं काम दुसरा मोजणार. माणूस स्वतःचं काम मोजताना हवा तो आकडा यावा म्हणून मायक्रोमीटर नकळत थोडा जास्त आवळतो, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं जायचं. मी हा नियम पुढे कित्येक नव्या पोरांना दमात घेऊन शिकवला होता. आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा जॉब मी तेरा वर्षं, दर दसऱ्याला, एकटाच पास करत आलो होतो. हे कळल्यावर मला रात्रभर नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्याला चेंदणी कोळीवाड्यात गेलो. आमच्या टूलरूमचे जुने इन्स्पेक्टर निवृत्त होऊन तिथे राहत होते. त्यांच्या घराण्यातले सगळे खाडीवर जाळी टाकणारे, हे एकटेच कारखान्यात आलेले. आम्ही त्यांना तोंडावर दादा आणि पाठीमागे सासूबाई म्हणायचो, कारण त्यांनी कुणाच्या कामाला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. पास केलं तरी ते फक्त मान वळवून पुढचा जॉब मागायचे. माझे किती साचे त्यांनी परत पाठवले याची गणती नाही, आणि एकदाही त्यांचं चुकलं नव्हतं. मी म्हणालो, दादा, गाडी तपासायची आहे. ठेवायची की काढायची हे तुम्ही सांगायचं, मी ऐकेन. त्यांनी एवढंच विचारलं, की रिजेक्ट झाली तर तोंड फुगवणार नाहीस ना. मी नाही म्हणालो.

रविवारी सकाळी ते आपला गेज जुन्या फ्लॅनेलमध्ये गुंडाळून डोंबिवलीला आले. चहासुद्धा नंतर म्हणाले. एकेक प्लग काढून चारही सिलिंडरचा दाब मोजला, परत मोजला. दाब उतरला होता, ते मला माहीत होतं. पण चारही सिलिंडरचा अगदी सारखा उतरला होता. दादांनी चारही आकडे एकाखाली एक लिहिले.

"झीज सारखी हाय," ते म्हणाले.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांना हे कौतुक वाटणार नाही. पण तेरा वर्षं झिजून चारही सिलिंडर सारखेच झिजले याचा अर्थ मी ते पहिल्या दिवशी तंतोतंत सरळ कापले होते. मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, म्हणजे सारखी म्हातारी झाली. त्यावर दादा हसले, आणि त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

मग ते म्हणाले, आता घाट. मी किल्ली घेऊन पुढे निघालो तर त्यांनी हात आडवा केला. जॉब ज्याचा त्याने चालवायची नाही. ते स्वतः गाडी चालवत नव्हते, बायकोला येत नव्हती. राहिली मुलगी. तिला विसावं चालू होतं. सहा महिन्यांपूर्वी ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकून लायसन्स घेऊन आली होती आणि मी तिला म्हटलं होतं, की छोट्या गाडीवर शिकलेल्याला ही झेपायची नाही.  आता तिने किल्लीसाठी हात पुढे केला.

अशा रीतीने मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गाडीत मागे बसलो. शेजारी बायको, पुढे दादा. शहापूरपर्यंत मी पोरीला सूचना देत होतो. मग दादांनी मागे न बघता सांगितलं, की इन्स्पेक्शन चालू असताना कारागीर बोलत नाही. तरी घाटाच्या पायथ्याला मला राहवलं नाही. म्हणालो, तिसरा टाक आणि वर जाईपर्यंत हात लावू नकोस.

तिने तिसरा टाकला. पहिलं वळण छान गेलं. दुसऱ्या वळणानंतर चढ अंगावर आला आणि माझ्या तळपायांना काहीतरी जाणवू लागलं. मागच्या सीटसमोर जमिनीत मधोमध जो उंचवटा असतो, ज्याखालून चाकांकडे जाणारा दांडा फिरतो, तो थरथरत होता. आधी बारीक, मग दात दुखताना आतून ठसठस होते तसा. पुढे बसून हे मला कधी कळलं नव्हतं. पुढे इंजिनाचा आवाज असतो, हवा असते, आणि आपण चालवतोय याची नशा असते. मी पाय उचलून घेतले. बायकोने माझ्याकडे बघितलं. तिचे पाय आधीपासूनच वर होते.

तेवढ्यात मुलीने पायाने ॲक्सिलरेटरला हलका हिसका देऊन दुसरा टाकला. थरथर जागच्या जागी थांबली. इंजिनाचा सूर चढला आणि गाडीने अशी झेप घेतली की मी मागे रेललो. समोरचे दोन ट्रक कधी मागे पडले ते कळलं नाही. आणि मी काय केलं असेल? मी ओरडलो. कोणी सांगितलं तुला दुसरा टाकायला?

तिने आरशातून माझ्याकडे बघितलं, क्षणभरच, मग परत रस्त्याकडे.

"बाबा, तिसऱ्यात ती रडते. मी लहानपणापासून मागे बसून ऐकतेय. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मला खाली उतरवलं असतंत."

खरंच उतरवलं असतं.   कारखान्याच्या त्या टोकाला कुणाचं हत्यार नीट कापत नाही हे मला या टोकाला आवाजावरून कळायचं, आणि माझ्याच इंजिनाचं कण्हणं मी तेरा वर्षं गाणं समजून ऐकत होतो. गाडी झिजली ती वयाने नव्हे. दरवर्षी घाटात, तिला सोसत नसताना, मी तिला तिसऱ्यात रेटत नेली म्हणून झिजली. सोमवारी कारखान्यात सांगायला एक वाक्य मिळावं म्हणून. लाज वाटली, आणि ती लपवायला मागच्या सीटवर जागा नव्हती.

इगतपुरीला दादांनी बॉनेट उघडायला लावलं, वाकून कान लावला, तेलाचा दांडा काढून पुसून बघितला. मग भजी मागवली. भजी आली. मी शेवटी विचारलं, की निकाल काय.

"गारी पास. रिंगा बदल, धा वर्सं कुठं नाय जात." त्यांनी भजीचा तुकडा मोडला. "डायवर रिजेक."

बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. मी शब्द दिला होता, तोंड फुगवायचं नाही. फुगलं असेल थोडं. दादा मग मुलीकडे वळले आणि म्हणाले, बाय, तुझा पाय चांगला हाय. तीस वर्षांत टूलरूममध्ये कुणी त्यांच्या तोंडून 'चांगला' हा शब्द ऐकला नव्हता. मी तर नाहीच. मला आधी हेवा वाटला, खोटं कशाला बोलू, आणि मग तो हेवा कुठे विरघळला ते कळलं नाही. समोर बसून माझी पोर भजी खात होती आणि माझा ऊर भरून आला होता. तिला बोटांनी नाही, पायांनी अर्धा थाऊ कळत होता.

घरी आल्यावर बायकोनेच नव्या गाडीचं नाव रद्द करायचं पत्र लिहिलं. तिची एकच अट होती, की किल्ली पोरीकडे राहील. मी म्हटलं, किल्ली कशाला, गाडीच तिच्या नावावर करतो. पिस्टनच्या रिंगा आम्ही दोघांनी मिळून बदलल्या. मी बसवत गेलो आणि प्रत्येक रिंग तिने मोजली. एक तिने परत काढायला लावली. तिचं बरोबर होतं.

पुढच्या महिन्यात ठाण्याला आरटीओत गेलो. खिडकीमागच्या गृहस्थांनी कागद उलटसुलट करून गाडीचं वय बघितलं, मग माझ्याकडे आणि मग मुलीकडे. म्हणाले, काय गं, बाबांनी जुनी गाडी गळ्यात मारली वाटतं?

मी काहीतरी तिखट बोलणार होतो, पण ती माझ्या आधी बोलली.

"नाही काका. तपासून घेतली आहे," ती म्हणाली आणि जिथे नव्या मालकाची सही लागते तिथे तिने सही केली.